दोन गोल ब्रश आणि एक चेंडू: डिजिटल चित्रातला धातू, काच, लाकूड खरं कसं वाटेल

सुरुवातीला माझ्याकडे शेकड्यांनी ब्रश होते. 'गंज', 'खडबडीत दगड', 'जुनं चामडं' अशी एकेकाची नावं. एकदा किटली रंगवायला घेतली, 'धातू' नावाचा ब्रश मनसोक्त फिरवला, आणि दोन तासांनी स्क्रीनवर राखाडी लोकरीचा गुंडा तयार झाला. ओरखडे सगळे होते, धातूचा पत्ता नव्हता. वैतागून साधा गोल ब्रश घेतला आणि किटलीच्या पोटावर एक काळी उभी पट्टी ओढली, तिला अगदी चिकटून एक पांढरी. तेवढ्याने ती किटली पत्र्याची झाली.

वस्तू कशाची आहे हे तिच्यावरच्या ओरखड्यांवरून, रेषांवरून किंवा दाण्यांवरून फारसं कळत नाही. तिच्यावर पडलेल्या उजेडाचं पुढे काय होतं, त्यावरून कळतं. म्हणून आधी उजेड रंगवायचा आणि पोत सगळ्यात शेवटी, तोही हात राखून. नवशिक्यांचं बहुतेक वेळा उलटं चालतं आणि तिथेच घोडं पेंड खातं.

हे दुखणं जुनंच आहे म्हणा. १४३५ साली अल्बर्टी नावाच्या इटालियन वास्तुविशारदाने चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की, चित्रात खरं सोनं लावण्यापेक्षा साध्या रंगांनी सोन्याची झळाळी उभी करणाऱ्या चित्रकाराचं कौतुक जास्त. तेव्हाचा सोन्याचा वर्ख आणि आजचे तयार टेक्स्चर ब्रश, यात मला फारसा फरक दिसत नाही.

तयारी

यात वेळ घालवू नका. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शिकायला पुरून उरतं. फोटोशॉप, प्रोक्रिएट, क्लिप स्टुडिओ यांपैकी काही असेल तर तेही चालेल, कारण इथे लागणाऱ्या गोष्टी सगळ्यांत आहेत. कॅनव्हास २००० बाय २००० पिक्सेलचा घ्या. डीपीआयचा आकडा छापताना महत्त्वाचा, स्क्रीनवरच्या सरावाला त्याने काही फरक पडत नाही.

ब्रश दोनच: कडक कडेचा गोल आणि मऊ कडेचा गोल. पेनाचा दाब ओपॅसिटीला जोडलेला असू द्या, म्हणजे हलक्या हाताने पातळ रंग बसेल आणि दाबलं की दाट. मऊ ब्रशचा मोह पडतो, कारण त्याने सगळं पटकन गुळगुळीत दिसतं. पण त्याच्यावर विसंबलं की प्रत्येक वस्तू धुक्यात ठेवल्यासारखी होते. माझं नव्वद टक्के काम कडक ब्रशवरच चालतं. रंग बोटाने फासल्यासारखे पसरवणारं स्मज टूल तूर्तास विसरून जा.

आकार एका लेयरवर (चित्राच्या पारदर्शक थरावर) भरला की त्या लेयरची पारदर्शकता लॉक करा. फोटोशॉपमध्ये लेयरच्या खिडकीत चौकटी-चौकटींचं छोटं चिन्ह असतं, प्रोक्रिएटमध्ये दोन बोटांनी लेयर उजवीकडे सरकवला की अल्फा लॉक होतो, क्रितातही लेयरसमोर तशीच खूण असते. मग ब्रश कितीही मोठा घेतला तरी रंग आकाराबाहेर सांडत नाही.

पहिला चेंडू खडूचा

राखाडी पार्श्वभूमीवर एक गोल काढा, हाच आपला सरावाचा चेंडू. उजेड एकच, डावीकडून वरून येणारा. तो कुठून येतो हे कोपऱ्यात बाण काढून लिहून ठेवा. बाळबोध वाटेल, पण तासाभराने हायलाइट (चमकेचा उजळ ठिपका) एका बाजूला आणि सावलीही त्याच बाजूला असा घोळ या बाणामुळे टळतो.

रंगाच्या खिडकीत ब्राइटनेसचा आकडा ० ते १०० मध्ये दिसतो. रंग अजिबात नको, फक्त हा आकडा सांभाळा. पार्श्वभूमी ४०. चेंडूचा मधला टोन (उजळ-गडदपणाची पायरी) ६०, उजेडाच्या बाजूला ८०, सावलीच्या बाजूला २५. जमिनीवर पडलेली सावली १८ च्या आसपास, आणि चेंडू जमिनीला टेकतो तिथली बारीक फट ८. ही फट विसरलात तर चेंडू हवेत तरंगतो.

उजेड आणि सावली जिथे मिळतात ती सीमा सरळ रेघ नसते, चंद्रकोरीच्या आतल्या कडेसारखी वळलेली असते. सावलीच्या अगदी बाहेरच्या कडेला जमिनीवरून उसळलेला उजेड थोडा लागतो, तिथे ३० किंवा ३२ द्या. हा आकडा मोहाने ५० पर्यंत जातो आणि चेंडू पोकळ दिसायला लागतो. सावलीतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा काळीच राहायला हवी. चेंडूच्या चारी बाजूंनी कडेकडेने काळं करत आत यायचं, ही दुसरी सवय. त्याने उशी तयार होते, चेंडू नाही.

आता या टोनच्या पायऱ्या मिसळायच्या कशा? कडक ब्रशनेच. ६० आणि २५ शेजारी शेजारी आहेत. ६० चा रंग उचला, हात हलका ठेवून सीमेवर एक फटकारा २५ च्या भागात न्या. तिथे दोन्हींच्या मधला एक नवा टोन तयार झाला, समजा ४२. फोटोशॉपमध्ये 'ऑल्ट' दाबून आणि क्रितात 'कंट्रोल' दाबून तो मधला टोन उचला आणि सीमेवरच पुन्हा फिरवा. आता ६० आणि ४२ च्या मध्ये, ४२ आणि २५ च्या मध्ये हेच. चार-पाच वेळा उचल-फिरव केलं की सीमा विरघळते, पण ब्रशच्या फटकाऱ्यांचा जिवंतपणा शिल्लक राहतो. पुढचं सगळं या एका हालचालीवर उभं आहे. ती हातात बसेपर्यंत तीन-चार चेंडू वाया गेले तर जाऊ द्या.

या चेंडूवर हायलाइट नाही. खडूवर, कच्च्या मातीवर, चुन्याच्या भिंतीवर तो नसतोच. फार खडबडीत पृष्ठभाग तर आणखी सपाट दिसतात. पौर्णिमेचा चंद्र गोळ्यासारखा न दिसता ताटलीसारखा दिसतो तो यामुळेच. त्याच्यावरची धूळ इतकी ओबडधोबड आहे की कडेच्या भागातूनही उजेड भरपूर प्रमाणात आल्या वाटेने परत फिरतो आणि कडा काळवंडत नाहीत. १९९४ साली ओरेन आणि नायर या दोघांनी अशा खडबडीत पृष्ठभागांचं गणित मांडलं आणि आजची थ्रीडी सॉफ्टवेअर ते वापरतात. आपल्याला गणित नको. मातीचं भांडं रंगवताना मधल्या टोनचा पट्टा रुंद ठेवायचा आणि सावलीत शेवटी एकदम उतरायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

उजेडाला तीन प्रश्न

या खडूच्या चेंडूच्या सात-आठ प्रती करून ठेवा. आता प्रत्येक प्रत वेगळ्या पदार्थाची करायची. रंगवण्याआधी दर वेळी तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: उजेड वरच्या वर उसळतो की आत शिरून, वस्तूचा रंग घेऊन बाहेर येतो? प्लास्टिक, लाकूड, कातडी, रंगवलेली भिंत, यांत बराचसा उजेड आत शिरतो आणि रंगीत होऊन परततो, थोडासाच वरून उसळतो. वरून उसळलेल्या उजेडाला वस्तूचा रंग लागत नाही. म्हणूनच लाल प्लास्टिकच्या चेंडूवरचा हायलाइट पांढरा असतो, किंवा दिवा ज्या रंगाचा त्या रंगाचा. धातूचं वेगळं. त्यात आत शिरलेला उजेड तिथेच संपतो, परत येतो तो सगळा वरून उसळलेला, आणि सोन्या-तांब्यासारख्या धातूंमध्ये त्यालाच रंग चढलेला असतो. पिवळं प्लास्टिक आणि सोनं यांत फरक हाच. पिवळ्या गोळ्यावर पांढरा ठिपका ठेवून 'सोनं' म्हणणारी चित्रं ढिगाने दिसतात. ते बादलीचं प्लास्टिक असतं.

दुसरा: उसळलेला उजेड एका दिशेने जातो की विखुरतो? पृष्ठभाग गुळगुळीत तर हायलाइट लहान, कडक कडेचा, झगझगीत. खडबडीत तर तोच हायलाइट पसरतो आणि पसरताना मंद होतो, कारण उजेड तेवढाच आहे, जागा वाढली. रुंदही आणि पांढराशुभ्रही असा हायलाइट देऊ नका. हायलाइट म्हणजे दिव्याचं किंवा खिडकीचं प्रतिबिंबच. खिडकी चौकोनी असेल तर गुळगुळीत चेंडूवरचा ठिपकाही वळलेला चौकोन होतो.

तिसरा: उजेड आरपार जातो का, किंवा आत खोलवर भटकून येतो का? काच, पाणी, मेण, कातडी यांच्यासाठी हा प्रश्न.

याला जोडून एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या. समोरच्या टेबलाकडे उभ्याने पाहा, लाकूड दिसेल. आता वाकून डोळे टेबलाच्या पातळीवर आणा आणि पृष्ठभागावरून तिरपं पाहा. निस्तेज वाटणाऱ्या टेबलातही पलीकडची खिडकी चमकायला लागते. काच सरळ समोरून पाहिली तर एका पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के उजेड परतवते, पाणी २ टक्के, पण नजर जितकी तिरपी होईल तितका हा आकडा चढत जातो आणि अगदी शेवटी जवळजवळ सगळाच उजेड परततो. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. चेंडूच्या कडा आपल्याला कायम तिरप्याच दिसतात. तेव्हा चकचकीत प्लास्टिकच्या किंवा ओल्या चेंडूच्या कडेकडेने आसपासच्या रंगाचं पातळ प्रतिबिंब द्या, मध्यभागी मात्र वस्तूचा स्वतःचा रंग राहू द्या. एवढ्याने फरक पडतो.

धातू, आणि एक चमचा

इथे थोडं रेंगाळू, कारण धातू सगळ्यांना हवा असतो आणि सगळ्यांचा इथेच बिघडतो.

स्टीलचा चमचा हातात घ्या. बाहेरच्या फुगीर बाजूकडे बघा. मध्यभागी तुमचं डोकं, गडद आणि लहानसं. त्याच्या वर छत, उजळ. खाली टेबल किंवा तुमचा शर्ट. खिडकी एका बाजूला, वाकडी होऊन कडेला चिकटलेली. कडेकडे जाल तशी खोली दाटीवाटीने दाबली जाते, रेघा कडेला समांतर वळतात. आता आतली खोलगट बाजू बघा, खोली उलटी. या सगळ्यात 'स्टीलचा रंग' कुठे आहे? कुठेच नाही. जो राखाडी आपण मनात धरलेला असतो तो चमच्यात जवळपास सापडत नाही. आहेत ते खोलीचे काळे आणि खोलीचे पांढरे, एकमेकांना खेटून.

म्हणून धातूच्या चेंडूवर खडूच्या चेंडूचं शेडिंग पुसून टाका. ते उपयोगाचं नाही. त्याऐवजी चेंडूच्या आत एक साधं जग रंगवा: वर आकाश, खाली जमीन, मध्ये क्षितिज. आकाश वर ५५, क्षितिजाकडे येताना ९० पर्यंत उजळ. क्षितिजाची रेघ आली की एकदम १०. मध्ये कसलीही मऊ पायरी नाही, कडक ब्रशने काप. जमीन खाली येताना १० वरून हळूहळू ४५. क्षितिजाची रेघ सरळ ठेवू नका, किंचित लहरी, दोन-तीन ठिकाणी उंचवटे, जणू लांबवर झाडं किंवा भिंती आहेत. शेवटी दिव्याचा ठिपका, पूर्ण १००, कडक. वीस मिनिटांत क्रोमचा गोळा तयार होतो आणि पहिल्यांदा जमला की माणूस हसतोच.

चेंडूपेक्षा उभं नळकांडं सोपं, कारण त्यावर सगळी प्रतिबिंबं उभ्या पट्ट्यांत ताणली जातात. काळी, पांढरी, राखाडी, पुन्हा बारीक काळी. पट्ट्यांची रुंदी एकसारखी ठेवली की ते झेब्र्याचं होतं. एक रुंद, एक चिंचोळी, एक केसाएवढी, असं असू द्या. माझी किटली वाचली ती याच पट्ट्यांमुळे.

सोन्यासाठी हाच काळा-पांढरा गोळा घ्या आणि रंग चढवा, पण सगळीकडे एकच पिवळा ओतू नका. सोनं निळा उजेड खातं आणि लाल-पिवळा परत देतं. उजळ जागी फिकट लिंबाळलेला पिवळा, मधल्या टोनला नारिंगीकडे झुकलेला पिवळा, गडद जागी लालसर तपकिरी. शुद्ध काळा जवळजवळ नको. गडदातला रंग उबदार आणि गाढा राहिला की सोनं वाटतं, करडा झाला की ते पितळही वाटत नाही. तांब्यात हे सगळं लालाकडे सरकवा. चांदी आणि स्टील यांना स्वतःचा रंग फारसा नाही, ते आसपासचे रंग उसने घेतात, म्हणून त्यांच्याभोवती काय ठेवलंय हे आधी ठरवा.

घासलेल्या स्टीलमध्ये बारीक ओरखडे एकाच दिशेने असतात आणि उजेड त्या ओरखड्यांच्या आडव्या दिशेला पसरतो. ओरखडे आडवे तर चमक उभी ताणलेली. गोल गोल घासलेल्या झाकणावर चमक मध्यापासून दोन बाजूंना पंख्यासारखी उघडते. क्रोमचंच चित्र घ्यायचं, त्या एकाच दिशेने कडा मऊ करायच्या आणि दुसऱ्या दिशेने कडक ठेवायच्या.

लाकूड आणि भेगेचं गुपित

लाकडासाठी चेंडू सोडा, फळी घ्या. वरची बाजू उजेडात, पुढची लांब बाजू मध्यम, कापलेलं टोक गडद. तीन सपाट टोन आधी लावले नाहीत तर पुढच्या सगळ्या रेषा वाया जातील.

मग रेषा. त्या समान अंतरावर नसतात: पाच-सहा जवळजवळ, मग मोठी मोकळी जागा, मग दोनच. गाठ असेल तिथे नदीतल्या दगडाला वळसा घालावा तशा वळतात. फळीच्या वर दिसणारी रेष टोकावर वळून वर्तुळाच्या तुकड्याला मिळते. ही जुळणी नव्वद टक्के चित्रांत चुकलेली असते. फळी मग आतपर्यंत लाकडाची वाटतच नाही, लाकडाचा कागद चिकटवल्यासारखी दिसते.

भेग कशी काढायची? नुसती काळी रेघ म्हणजे पेनाने ओढलेली रेघ. उजेड डावीकडून येतोय असं धरा. भेगेची डावी भिंत उजेडाकडे पाठ करून उभी आहे, ती काळी. उजवी भिंत उजेडाला सामोरी, तिच्या काठावर एक केसाएवढी उजळ रेघ. काळ्याला लागून उजवीकडे उजळ, की फळी खरोखर तडकते. उंचवटा हवा असेल तर जोडी उलटी करा: डावीकडे उजळ, उजवीकडे काळं. हीच जोडी दगडातला टवका, भिंतीवरचा पोपडा, चामड्याची सुरकुती, धातूवरचा खोल ओरखडा, सगळीकडे चालते. उजळ रेघ भेगेच्या पूर्ण लांबीभर ओढू नका, मध्येच सोडा, पुन्हा धरा.

लाकडाला पॉलिश असेल तर सगळ्याच्या वर नवा लेयर घेऊन पांढुरकं प्रतिबिंब टाका. या प्रतिबिंबाला खालच्या रेषांशी देणंघेणं नसतं, ते त्यांच्यावरून सरळ जातं. कच्च्या लाकडावर हा लेयर नकोच.

काच

काच रंगवायची नसते, तिच्यामागचं रंगवायचं असतं. आधी पार्श्वभूमी पूर्ण करा, पट्टेदार असेल तर उत्तम. मग पेल्याच्या आकारात ती थोडी सरकवा, वाकवा. भरीव काचेच्या गोळ्यात तर मागचं दृश्य चक्क उलटं दिसतं. जाड बुडाशी आणि कडांशी काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा एकमेकांत गुंतलेल्या असतात, तिथे सगळा नाट्यमय मामला उरकून घ्या आणि मधला भाग जवळजवळ मोकळा सोडा. साध्या तावदानाची कापलेली कड हिरवट दिसते, काचेत लोखंडाचा अंश असतो म्हणून. शेवटी दोन-तीन कडक पांढरे तुकडे.

काचेची सावली नुसती काळी नसते. तिच्या आत एखादा उजेडाचा तेजस्वी ठिपका पडतो, काचेने गोळा करून टाकलेला. तो देऊन बघा.

कापड

सुती कापड म्हणजे खडूचा चेंडूच, फक्त घड्या पडलेला. रेशमात प्रत्येक घडीच्या माथ्यावरून चमकेची लांब पट्टी धावते आणि तिच्या दोन्ही बाजूंना टोन झपाट्याने खाली उतरतो. धातूइतका कडक नाही, सुतीइतका आळशी नाही.

मखमल मला सगळ्यात आवडते, कारण ती सगळ्यांच्या उलट वागते. तिच्यावर उभे बारीक तंतू असतात. समोरून पाहिलं की नजर तंतूंच्या मधल्या अंधारात शिरते, कडेला मात्र तंतूंच्या बाजू उजेड धरतात. म्हणून चेंडूचा मध्य गडद आणि कड उजळ, मऊ ब्रशने पसरलेली. इथे मऊ ब्रश बेलाशक वापरा. लोकरीसाठी आतलं शेडिंग साधंच ठेवा आणि बाह्यरेषा मोडा, दहा-बारा तंतू कडेबाहेर डोकावू द्या. आत हजार तंतू काढून जे होत नाही ते कडेच्या दहा तंतूंनी होतं.

मेण, कातडी, आणि ओला दगड

मेणात उजेड शिरतो, आत भटकतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. परिणाम असा की उजेड-सावलीची सीमा मऊ होते, सावली फार काळी पडत नाही, आणि सीमेवरच रंग सगळ्यात गाढा दिसतो. कातडीत ही सीमा लालसर होते. दिव्यासमोर बोटं मिटून धरा, कडा लाल पेटतात. कानाच्या पाळीचंही तसंच. चेहरा मातीचा दिसत असेल तर बहुधा सावलीच्या सीमेवर तुम्ही करडा वापरलाय. ब्राइटनेस तोच ठेवून सॅच्युरेशन (रंगाचा गाढेपणा) थोडं चढवा आणि रंग लालाकडे ढकला.

ओल्या दगडाला दोनच बदल लागतात. कोरडा दगड रंगवून झाला की त्याचा अर्धा भाग १५-२० आकड्यांनी गडद करा आणि रंग थोडा गाढा करा. पाण्याच्या थरात अडकलेला उजेड पुन्हा पुन्हा दगडावर आपटतो आणि दर वेळी थोडा शोषला जातो, म्हणून ओलं ते गडद. मग त्या अर्ध्या भागावर दाण्यादाण्यांच्या उजेडाकडच्या बाजूला कडक, बारीक, पांढरे ठिपके. गडद केलं आणि ठिपके विसरलात तर डाग दिसतो. ठिपके दिले आणि गडद करायचं विसरलात तर दगडावर साखर सांडल्यासारखी दिसते.

तपासणी

रंगवता रंगवता डोळा सरावतो आणि चूक दिसेनाशी होते. क्रितात 'एम' दाबलं की कॅनव्हास आरशासारखा उलटतो, इतर सॉफ्टवेअरमध्येही तशी सोय शोधून ठेवा. सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला लेयर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड (खालच्या लेयरशी मिसळायची पद्धत) 'कलर' केला की चित्र कृष्णधवल दिसतं. त्यात सोनं आणि लाकूड वेगळे ओळखू आले पाहिजेत. येत नसतील तर दोष रंगाचा नाही, कडांचा आणि टोनचा आहे. मग चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. तेवढ्या आकारात ओरखडे, रेषा, दाणे काही दिसत नाहीत. तरीही धातू धातू वाटला पाहिजे.

वाटला, की मग जुने टेक्स्चर ब्रश उघडायला हरकत नाही. पण आधी वस्तू कुठे झिजेल ते बघा. हात लागतो तिथे, म्हणजे मुठीवर आणि कोपऱ्यांवर, रंग उडतो. पाणी साचतं तिथे गंज धरतो आणि तिथून खाली ओघळतो. धूळ खाचांत बसते. गंजलेली जागा खडबडीत असते, तेव्हा धातूची कडक चमक तिथे आधी पुसून घ्या, नाहीतर गंज वर चिकटवल्यासारखा दिसतो. मग नवा लेयर, ओपॅसिटी २०, उजेड आणि सावली जिथे मिळतात त्या पट्ट्यात दोन-चार फटकारे, कारण पोत सगळ्यात जास्त दिसतो तो तिथे, भर उजेडात किंवा गडद सावलीत नाही. लेयर बंद-चालू करून बघा. फरक जेमतेम जाणवला तर ठेवा, ठळक दिसला तर ओपॅसिटी १० वर आणा.